चौथं पाखरू

पूल बांधायला शिकायचं म्हणून ती परदेशी गेली होती. घरी तिला सगळे मुंगी म्हणत, कारण अंगानं एवढीशी आणि सतत काहीतरी ओढत कुठेतरी निघालेली. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला विद्यापीठाच्या सल्लागारानं तिला समोर बसवून सांगितलं, की मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांतले चार विषय पूर्ण केल्याशिवाय इंजिनियरची पदवी हातात पडणार नाही. यादी चौदा पानांची होती.

वसतिगृहात वरच्या वर्गातला एक मुलगा होता. त्याला आठवं वर्ष चालू होतं, म्हणून सगळे त्याला काका म्हणायचे. त्याच्याकडे सोप्या विषयांची वेगळी यादी असे.

"मानसशास्त्राची ओळख घे," काका म्हणाला. "परीक्षेत चारातला एक पर्याय निवडायचा. झोपेतसुद्धा पास होशील. तत्त्वज्ञानाच्या वाटेला जाऊ नकोस, तिथं माणूस शहाणा होतो आणि नापास होतो."

बाबांचं फोनवर वेगळंच. "अर्थशास्त्र घे. चार लोकांत बोलताना उपयोगी पडतं."

अर्थशास्त्राचा तास मंगळवारच्या काँक्रीटच्या प्रयोगशाळेवर येत होता आणि मानसशास्त्राच्या जागा भरल्या होत्या. उरलेल्यांत 'मौखिक इतिहास' असा एक विषय दिसला. परीक्षा नाही, घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाची तासभर मुलाखत ध्वनिमुद्रित करायची आणि ती शब्दन्‌शब्द उतरवून द्यायची. परीक्षा नाही एवढंच मुंगीनं पाहिलं आणि नाव घातलं.

शिकवणाऱ्या बाई साठीच्या, बारीक कापलेल्या केसांच्या. डाव्या कानात यंत्र. पहिल्याच तासाला म्हणाल्या, "मला कमी ऐकू येतं, म्हणून मी सगळं दोनदा ऐकते. तुम्हीही तसंच करा. माणूस अडखळला तर अडखळणं लिहा. गप्प बसला तर किती सेकंद ते लिहा. त्याचं बोलणं साफसूफ करू नका."

माणूस शोधायची गरजच नव्हती. थोरली मावशी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिच्यासमोर नुसतं 'हॅलो' म्हणायची खोटी, गाडी सुरू. एका रविवारी मुंगीनं सकाळी फोन लावला. तिकडे दुपार होती, मावशी एकटीच होती.

"विचार काय विचारायचंय ते," मावशी म्हणाली. "मरायच्या आधी कुणीतरी माझं ऐकतंय हेच खूप."

मावशी सव्वा तास बोलली. हातानं जोडायच्या तारा, रात्रपाळीतल्या मैत्रिणी, एका डॉक्टरचा रोज दुपारी येणारा गुपचूप फोन. "मध्ये ऐकायची आम्हाला मनाई होती. पण म्हणून कान काय कापून ठेवायचे होते?" मग ती बालपणाकडे वळली. मुंगीचे आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. उजव्या डोळ्याला भिंग लावून बसले की ते तासन्‌तास मान वर करत नसत. त्यांना पाखरांचं भारी वेड, मुलींना नावंसुद्धा पाखरांचीच ठेवलेली. मुंगी हसत हसत ऐकत राहिली. हे सगळं तिला पाठ होतं. फोन ठेवताना तिला वाटलं, चला, एक विषय सुटला.

आठवड्यानं ती ग्रंथालयाच्या तळमजल्यावर हेडफोन लावून उतरवायला बसली. एक मिनिट उतरवायला दहा मिनिटं लागत होती. पंचेचाळिसाव्या मिनिटाला तिनं लिहिलं: "बाबा हाक मारायचे ना, तर एकदम सगळ्यांनाच. बगळी, साळुंकी, चिमणी, टिटवी. आणि आम्ही..."

पुढे मावशी थांबली होती. मुंगीनं सेकंद मोजले, सव्वीस. मग मावशी "पाणी पिते गं" म्हणाली आणि एक्स्चेंजच्या गोष्टीकडे परत गेली.

मुंगीनं लिहिलेली ओळ पुन्हा वाचली. साळुंकी म्हणजे मावशी. चिमणी म्हणजे तिची आई. टिटवी म्हणजे धाकटी मावशी, अजूनही कर्कशच. बगळी कोण? तिला जन्मापासून तीनच पाखरं माहीत होती. बोलताना हे चौथं नाव कानावरून गेलं होतं आणि तिला कळलंही नव्हतं.

तिनं ते सव्वीस सेकंद आवाज वाढवून ऐकले. पंख्याची घरघर. लांब कुठेतरी गाडीचा हॉर्न. आणि मध्येच टक, टक, टक. जरा थांबून पुन्हा तीनदा.

ती बाईंकडे गेली. बाईंनी कानातलं यंत्र काढून ठेवलं, हेडफोन चढवले आणि डोळे मिटून दोनदा ऐकलं.

"मला तुमची भाषा कळत नाही," त्या म्हणाल्या. "पण इथं काहीतरी झालंय. हा आवाज बोटांचा आहे, लाकडावर. तुझी मावशी टेबल वाजवत होती."

"मी विचारू का तिला?"

"विचार. पण ते तिचं आहे, तुझ्या अभ्यासाचं नाही. ती नको म्हणाली तर तेवढा भाग पुसून टाकायचा आणि विसरायचा."

मुंगीनं फोन केला. आडवळणं तिला जमत नसत. "मावशी, बगळी कोण?"

पलीकडे पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"मी म्हणाले तसं?"

"म्हणालीस. आणि मग टेबल वाजवत होतीस."

"मी? छे गं. मी कशाला वाजवू?" मग हळूच, "वाजवलं मी?"

"दोनदा. तीन-तीन वेळा."

मावशी रडली नाही. ऑपरेटरचा आवाज असतो तसा, सपाट, स्वच्छ आवाजात तिनं सांगितलं. "मला सगळे थोरली म्हणतात ना? मी थोरली नव्हेच. थोरली बगळी. उंच, लांब मानेची. एकविसाव्या वर्षी दिली तिला, सहा तासांवरच्या गावात. पहिल्यांदा परत आली तेव्हा हात सुजलेला होता. बाबा स्वतः नेऊन सोडून आले. दुसऱ्यांदा आली तेव्हा नवऱ्यानं केस कापले होते, कात्रीनं, वेडेवाकडे. तेव्हाही सोडून आले. त्यांनी त्या लोकांना शब्द दिला होता. तिसऱ्यांदा आली ती दुपारची. आम्ही सगळे घरात होतो. बाबा डोळ्याला भिंग लावून कामाला बसलेले. दार वाजलं. तीनदा. तिची तशीच सवय. बाबांनी नुसतं एक बोट वर केलं. कुणी हलायचं नाही, असं. तिनं पुन्हा वाजवलं. मग हाका मारल्या. एकेकीचं नाव घेऊन."

"मग?"

"मग थांबली. चार दिवसांनी तिच्या सासरचा माणूस विचारत आला, मुलगी पाठवा म्हणून. म्हणजे ती तिकडेही गेली नव्हती. आईनं अंथरूण धरलं, वर्षात गेली. बाबांनी भिंतीवरचे फोटो उतरवले. कुणी विचारलं की म्हणायचे, तीन मुली. हळूहळू आम्हीही तसंच म्हणायला लागलो. एक्केचाळीस वर्षं झाली. एक्स्चेंजमध्ये दर वेळी फोन आल्याचा दिवा लागला की वाटायचं, हिचाच असेल. सगळ्या जगाचे फोन जोडून दिले मी."

"हा भाग पुसून टाकू का?"

"नको," मावशी म्हणाली. "राहू दे. कुठेतरी असू दे ती."

मुंगीचं त्यानंतर कशात लक्ष लागेना. वसतिगृहाची दारं जड होती, आपोआप लागून कुलूप बसणारी. खोलीत अभ्यासाला बसली की तिला वाटे, दार वाजलं. उघडून पाही तर लांबलचक रिकामा बोळ आणि टोकाला कपडे धुण्याच्या यंत्राची धडधड. असं दिवसातून चार-पाचदा होऊ लागलं. शेवटी तिनं दारात बूट अडकवून ते उघडंच ठेवायला सुरुवात केली. समोरच्या खोलीत रसायनशास्त्राची एक मुलगी राहायची. तिनं विचारलं, "तुला भीती नाही वाटत, दार सताड उघडं टाकतेस ते?"

"बंद केलं की वाटते," मुंगी म्हणाली.

आईला विचारायला तिनं दहा दिवस घेतले. आई भाजी निवडत होती, फोन स्पीकरवर ठेवलेला.

"आई, मावशीनं मला बगळीमावशीचं सांगितलं."

फोन बंद झाला. मुंगीनं पुन्हा लावला, तो बाबांनी उचलला. "काय बोललीस तू तिला? आत जाऊन बसलीय. आणि हे कसलं शिक्षण म्हणायचं, घरातलं उकरून काढायचं? पुलाचं काय झालं?"

चार दिवस आईनं फोन घेतला नाही. पाचव्या दिवशी मुंगी जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर बसली होती, तेव्हा आईचाच फोन आला.

"ते तुझं रेकॉर्डिंग असतं, ते चालू आहे?"

"नाही गं. कशाला?"

"चालू कर." मुंगीनं केलं. आई म्हणाली, "साळुंकीनं तुला काय सांगितलं? बाबांनी बोट वर केलं, असंच ना?"

"हो."

"तिला तेवढंच माहीत आहे. ती आतल्या खोलीच्या उंबऱ्यात होती, तिथून दार दिसत नव्हतं. दारापाशी मी होते. अकरा वर्षांची." आईचा श्वास ऐकू येत होता. "दाराला कडी नव्हती लावलेली. दिवसा कधी नसायचीच. नुसतं लोटलेलं होतं. ती ढकलून आत आली असती. पण वाजवायची सवय होती ना तिला, म्हणून वाजवत राहिली. बाबा कडी लाव असं म्हणाले नव्हते, मुंगे. कुणीच म्हणालं नव्हतं. ते मी केलं. मला वाटलं, बाबांना बरं वाटेल. शाबास म्हणतील. आवाज झाला कडीचा. तिला तो ऐकू गेला. त्यानंतर ती म्हणाली, 'चिमणे, तू आहेस ना? काढ ना गं.' आणि मी तिथंच उभी राहिले, हात मागे बांधून. फटीतून तिची चप्पल दिसत होती. मग नाही दिसली."

"आई, तू लहान होतीस," मुंगी म्हणाली.

"ते मला सांगू नकोस. ते मीच मला रोज सांगते. बाबा शाबास म्हणाले नाहीत. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही." मग आई म्हणाली, "लिही हे. जसं बोलले तसं लिही. आणि आधी साळुंकीला ऐकव. माझ्या तोंडून तिला सांगणं व्हायचं नाही."

त्याच रविवारी मुंगीनं मावशीला आईचं बोलणं ऐकवलं. संपल्यावर मावशी एवढंच म्हणाली, "ठेव तू. मी तिला फोन लावते." त्या दुपारी दोघी तीन तास बोलत होत्या, असं बाबांनी नंतर सांगितलं. काय बोलल्या ते त्यांना कळलं नाही. आईनं दार लावून घेतलं होतं.

मुंगीनं दोन्ही मुलाखती उतरवून दिल्या, आणि दोघींच्या सहीची संमतिपत्रं. बाईंनी गुणपत्रकासोबत दोन ओळी लिहिल्या होत्या: 'तू जिथं काहीच विचारलं नाहीस, तिथं त्या जास्त बोलल्या. हे लक्षात ठेव.' उरलेले तीन विषयही तिनं त्याच विभागातले घेतले. एक स्थलांतराचा, एक कुटुंबसंस्थेचा, एक हरवलेल्या माणसांच्या नोंदींचा. काका म्हणाला, "तू हातची गेलीस." बाबा बरेच दिवस चिडचिड करत राहिले. पूल मात्र तिनं सोडले नाहीत. पुढे तिला त्यातच नोकरी लागली.

मुलाखती झाल्या त्या वर्षीच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा आई आणि मावशीची बगळीच्या शोधात निघायची तयारी झालेली होती. धाकटी मावशी येणार नाही म्हणाली. तिला ती दुपार आठवतच नव्हती, आणि आठवायचीही नव्हती. तिघी त्या सहा तासांवरच्या गावी गेल्या. बगळीच्या सासरच्या जागी दातांचा दवाखाना होता. नवरा केव्हाच वारला होता, दुसरं लग्न करून, तीन मुलांचा बाप होऊन. शेजारच्या म्हाताऱ्या शिंप्याला ती आठवली. "उंच होती ती? गेली ती माहेरी गेली. परत नाही आली," तो म्हणाला. "बरं केलं बाईनं." माहेरी गेली आणि सुखी झाली, असंच तो इतकी वर्षं समजून होता. त्याला कुणी काही सांगितलं नाही. मावशीनं पोलीस ठाण्यात बहीण हरवल्याचा अर्ज दिला. तिथल्या हवालदारानं वर्ष वाचलं, तिच्याकडे पाहिलं, आणि शिक्का मारून पोच दिली.

परतीची बस दुपारची होती. मावशी बसल्या बसल्या झोपली. मधल्या कुठल्याशा थांब्यावर साठीच्या पुढची एक बाई चढली. उंच, हातात पिशवी. बसायला जागा शोधत होती. आई एकदम उठली आणि तिला खिडकीची जागा दिली.

"बसा ना. कुठून आलात?"

बाईनं कुठल्याशा खेड्याचं नाव सांगितलं. लेकीकडे निघाली होती, नातू झाला होता.

"माहेर कुठलं तुमचं?" आईनं विचारलं.

बाईनं तेही सांगितलं. भाऊ किती, बहिणी किती, तेही. आई मान हलवत ऐकत होती. मुंगीनं पाहिलं, आईची नजर त्या बाईच्या मानेवर होती. तासाभरानं बाई उतरली. तिच्या लेकीचा नवरा न्यायला आला होता. तिनं खालून हात हलवला. बस सुटली, तरी आई मागच्या काचेतून रस्त्याकडे पाहत उभीच होती.

"आई, बस ना," मुंगी म्हणाली.

"हो," आई म्हणाली, आणि पुढच्या थांब्यापर्यंत बसली नाही.