ओल लागलेले चौदा जण

बँडमास्तर तीन वाजता येणार होते आणि ती दोनपासून कपाटासमोर उभी होती. उघडायचं धाडस होत नव्हतं. आत काय आहे ते तिला पाठ होतं.

बँडमास्तर म्हणजे बाबांचे तीस वर्षांपासूनचे मित्र. त्यांना साधी शिट्टीही धड वाजवता यायची नाही. नाव पडलं ते खेळण्यांमुळे. दोघांना वेड एकच, दुसऱ्या महायुद्धाआधी जर्मनीत बनलेल्या चार बोटं उंचीच्या सैनिकांचं. लाकडाचा भुसा, सरस आणि पांढरी माती यांचा लगदा तारेच्या सांगाड्याभोवती साच्यात दाबायचा, वाळवायचा आणि हातानं रंगवायचा, अशी त्यांची घडण. जमवणारे त्याला ‘कॉम्पोझिशन’ म्हणतात. आई होती तेव्हा ती ‘भुशाची पलटण’ म्हणायची. बाबा लढणारे जमवायचे, बँडमास्तर फक्त वाजवणारे. तरी बाबांकडे चौदा वाजवणारे होतेच, आणि त्यांच्यावरून दोघांची कायम जुंपायची.

“लेका, तुला सुराचं अंग नाही. तुला बँड कशाला?” बँडमास्तर म्हणायचे.

“म्हणूनच,” बाबा म्हणायचे. “माझ्याकडे ते गप्प बसतात.”

जाण्याआधी बाबांनी ते चौदा जण मित्राच्या नावे करून ठेवले होते.

बाबांनी अंथरूण धरलं तेव्हा त्यांच्या खोलीत वरखाली होणारा पलंग आणावा लागला. जागा पुरेना. सैनिकांचं कपाट बाहेर काढायचं तिनंच ठरवलं आणि बोळकांडीत, न्हाणीघराच्या भिंतीला लावून घेतलं. त्या भिंतीला ओल आहे हे तिला माहीत होतं. चार दिवस राहू दे, मग बघू, असं ती हमालांना म्हणाली. त्या चार दिवसांचे आठ महिने झाले.

बाबा रोज सकाळी विचारायचे, “आज कोण येतंय भेटायला?” ती एक सैनिक आणून द्यायची. ते त्याला छातीवर उभा करायचे, नाकाशी नेऊन वास घ्यायचे, परत द्यायचे. दुसऱ्या महिन्यात तिनं ढोलवाल्याला उचललं, तर त्याच्या घोट्यातून एक तपकिरी भेग पोटरीपर्यंत चढलेली. आतली तार गंजून फुगली होती. तिनं त्याला गुपचूप मागं ठेवलं आणि दुसराच नेला.

“ढोलवाला सांगितला होता ना?”

“मागच्या रांगेत आहे, बाबा. हात पोचत नाही. उद्या.”

कपाट हलवावं तर आवाज होणार, बाबा कारण विचारणार. म्हणून ते तिथंच राहिलं. ओल आपलं काम करत राहिली. शेवटी अख्ख्या कपाटात दाखवण्याजोगे पाच उरले, तेवढेच ती आलटूनपालटून न्यायची.

“हा परवाच येऊन गेला की.”

“त्याला तुम्ही फार आवडता.”

बाबा हसले होते. ते हसू आठवलं की तिला अजूनही मान वर करवत नसे.

बँडमास्तर वेळेवर आले. हातात रिकामी खोकी, काखेत कापसाचं बंडल. “वर्तमानपत्रात गुंडाळायचं नाही हं,” आल्याआल्याच ते म्हणाले, “शाई लागते.” मग कपाट कुठं आहे ते बघून जागीच थांबले.

“हे इथं कसं?”

तिनं उत्तर तयार ठेवलं होतं. आठवडाभर घोकलं होतं. “बाबांनीच सांगितलं होतं, काका. इथं ठेवा म्हणून.”

“त्यानं?” बँडमास्तरांनी भिंतीला तळहात लावला. “अगं, पाऊस आला तर तो छत्री आधी कपाटावर धरणारा. तो म्हणाला, न्हाणीघराला लावा?”

पुढचं वाक्यही तयार होतं. ते तिच्या तोंडून निघालं नाही.

“नाही,” ती म्हणाली. “मी ठेवलं. ते काही म्हणाले नाहीत. त्यांना कुठं ठेवलंय तेही सांगितलं नव्हतं.”

त्यांनी कपाट उघडलं. चौदाही जण खालच्या कप्प्यात होते. कर्णेवाल्याचा हात कोपरातून सुटला होता, बासरीवाल्याच्या पाठीचा रंग पापुद्र्यांनी उठला होता, ढोलवाल्याचा पाय तारेवर नुसता लोंबत होता. बँडमास्तर एकेकाला तळहातावर घेत टेबलावर आडवं करत गेले. चौदावा ठेवून ते तिच्याकडे वळले.

“कधी कळलं तुला?”

“दुसऱ्या महिन्यात.”

“दर रविवारी मी फोन करत होतो. दर रविवारी. तू म्हणायचीस, सगळं ठीक आहे.”

“हो.”

“येऊन घेऊन गेलो असतो ना गं! मी काय तुला खाणार होतो?” आवाज चढला तसा त्यांनीच तो आवरला. “त्याला कळलं होतं?”

“नाही. मी कळू दिलं नाही.” एवढं एक तरी आपल्या पदरात आहे असं तिला वाटत आलं होतं. “त्रास झाला असता त्यांना.”

बँडमास्तर खुर्चीत बसले. “त्याचे हात चालत होते?”

“शेवटच्या आठवड्यापर्यंत.”

“मग पोरी, त्यानं हे सगळे नीट केले असते. पडल्यापडल्या. भेग उघडायची, तार खरवडायची, सरसाची पुट्टी भरायची. माझ्याकडचे निम्मे त्यानंच उभे केलेत. शिव्या घातल्या असत्या तुला, दोन दिवस. आणि मग चष्मा मागितला असता.”

तिला चादर आठवली. बाबा दिवसभर चादरीची कड चिमटीत धरून वळत बसायचे, वळायचे आणि उलगडायचे. ती ते आजाराचं लक्षण समजली होती. डॉक्टरांना सांगितलंही होतं. बोटं शांत राहावीत म्हणून त्यांनी औषध दिलं होतं, आणि ते तिनं वेळच्या वेळी पाजलं होतं.

हे तिनं सांगितलं. सांगायची गरज नव्हती, तरी सांगितलं.

बँडमास्तरांनी ढोलवाला उचलून तिच्या हातात दिला. “असा धर. कमरेत. पाय मी बांधतो.” ते दोरा शोधू लागले. तिचे डोळे भरून आले. त्यांनी वर पाहिलं.

“इथं नको हं,” ते हळूच म्हणाले. “पाण्यानंच घात केलाय, त्यात हे खारट.”

तिनं ढोलवाल्याला कापसावर ठेवलं, टेबलापासून चार पावलं लांब गेली आणि तिथं रडली.