दहा मिनिटांत सरळ केलेलं स्टिअरिंग

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीचं स्टिअरिंग आहे. वय विचारू नका. माझं काळं कातडं दोन ठिकाणी अगदी गुळगुळीत झालंय, एवढ्यावरून काय ते समजा. तिथे वीस वर्षं बाबांचे हात होते. बाबा म्हणजे आमचे मालक. "गाडी चालवावी तर यांनीच," असं लोक म्हणायचे आणि मलाही उगाच मूठभर मांस चढायचं.

मग एकदा बाबांनी गाडी कडेच्या दगडावर घातली. दगड त्यांना दिसलाच नाही. डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता, पण घरात सांगतील तर शपथ! खाली डाव्या चाकाला जोडलेला दांडा वाकला आणि दोन्ही चाकांची तोंडं जराशी फाकली. त्या दिवसापासून रस्ता सरळ असला तरी मी तिरकं राहायला लागले. खाली काहीतरी बिनसलंय, एवढंच मला सांगायचं होतं.

बाबांना ते बघवेना. कोपऱ्यावरच्या फिटरला म्हणाले, "हे तेवढं सरळ करून दे."

त्या शहाण्यानेही गाडीखाली डोकावलं नाही. मधला नट सोडला, मला उपटलं, सरळ धरलं आणि परत बसवलं. दहा मिनिटांत काम फत्ते. बाबा खूश झाले. माझं मात्र तोंडच बंद झालं.

पुढे मोतीबिंदू घरच्यांपासून लपेना, आणि तीन महिन्यांनी डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. वेळ अकराची, इस्पितळ घाटापलीकडे. गाडी चालवायला बाबांच्या मुलीने घेतली. घरात तिला ताई म्हणतात. नुकतीच शिकलेली, पण हात चांगला. गाडी मात्र एका जागी ठरेना. कधी इकडे जाई, कधी तिकडे.

"बाबा, गाडी भरकटतेय."

"काही भरकटत नाही. स्टिअरिंग बघ, नाकासमोर आहे. तुझाच हात डगमगतोय."

खोटं! मला ओरडून सांगायचं होतं, पण सांगणार कसं? ताईच्या तळव्यांना घाम सुटला होता. शेजारी बसलेल्या बाबांचा हात हँडब्रेकवर घट्ट होता.

घाटातल्या एका वळणावर समोरून बस आली. ताईने गाडी बाजूला घेतली, तशी ती नको तेवढी डावीकडे सरकली. चाक खडीवर गेलं. बाबांनी बाजूने मला पकडून खेचलं, ताईने दुसरीकडे ओढलं, ब्रेक करकचून लागले. गाडी थांबली तेव्हा कठडा वीतभर लांब होता. त्यापलीकडे दरी.

"उतर," बाबा म्हणाले. "मी चालवतो."

ताईने किल्ली काढून मुठीत धरली.

"बाबा, आत्ताची बस तुम्हाला दिसली का?"

बाबा हळूच म्हणाले, "हॉर्न ऐकला मी."

"मग किल्ली मिळणार नाही."

रडवेल्या तोंडाने पण अगदी हळू तिने गाडी पुढच्या गॅरेजपर्यंत नेली. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो थेट खाली बसला, डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने तळवा फिरवला आणि झटकन मागे घेतला.

"काका, इकडे या."

"मला नीट दिसत नाही हो."

"बघू नका. हात लावा."

त्याने बाबांची बोटं धरून टायरच्या आतल्या कडेवर ठेवली. बाहेरून टायर धडधाकट होता. आत रबर संपून तारा उघड्या पडल्या होत्या. एक तार बाबांच्या बोटाला टोचली.

"चाकं फाकलीत. आणखी थोडं गेला असतात तर हा फुटलाच असता," मिस्त्री म्हणाला. "पोरीने एवढी सांभाळली कशी?"

बाबा बोट चोळत तसेच बसून राहिले.

नवा दांडा लागला, जुन्या टायरच्या जागी स्टेपनी आली. मिस्त्रीने मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरा ताणून दोन्ही चाकं नीट रेषेत आणली. शेवटी मला काढून माझ्या मूळ जागी बसवलं. आता मी खरोखर सरळ होते.

"अकरा वाजले," ताई म्हणाली.

"वाजू देत. सावकाश चल."

उरलेल्या घाटात बाबांचा हात हँडब्रेकवर गेला नाही. घाट उतरता उतरता ते म्हणाले, "तुझा हात चांगलाच होता गं. मीच कबूल करत नव्हतो."

ताईने पुढचं वळण सहज घेतलं. तिचे हात आता कोरडे होते.

मित्रांनो, तुमच्या घरातलं काहीही, कुणीही, एकाएकी तिरकं वागायला लागलं, तर त्याला दहा मिनिटांत सरळ करू नका. आधी खाली वाकून हात लावून बघा.