हात सुटले तेव्हा

तायडीचे पाय विशीतच हळूहळू गेले, पण हात दणकट राहिले. भावाच्या कापडदुकानात ती चाकाच्या खुर्चीत बसून तागे उलगडायची आणि संध्याकाळी नाचाच्या गटात जायची. गटात पायांवर नाचणारे होते, चाकांवर नाचणारे होते, एक जण तर डोळ्यांनी अधू. तिचा जोडीदार गॅरेजमध्ये कामाला, म्हणून सगळे त्याला 'पाना' म्हणत. नाचाच्या शेवटी तो तिच्यासमोर उभा राहून मागे झुकत जाई, जमिनीला टेकेपर्यंत. त्याचा सगळा भार तिच्या हातांवर.

प्रयोग तोंडावर आला आणि दुकानात तिच्या हातातून कात्री निसटू लागली. डॉक्टरांनी सांगितलं, दुखणं वर सरकतंय, ते थांबणार नाही. सोबत गेलेल्या वहिनीला सगळं कळलं होतं. तायडीने तिला गळ्याची शपथ घातली.

"प्रयोग होईपर्यंत बोलू नकोस, वहिनी. माझं म्हणून तेवढंच आहे."

वहिनी गप्प राहिली. दुसऱ्याच तालमीत तायडीची बोटं उघडली आणि पाना पाठीवर आदळला. खांदा निखळला.

दवाखान्यात ती त्याला घामाने हात निसटल्याचं सांगू लागली. पानाने तिला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाला, "मी खाली कळवळत होतो आणि तू स्वतःचे हात बघत होतीस. केव्हापासून असं होतंय?"

तिला तोंड वर करवेना. किती दिवस लपवलं, ते तिने सांगितलं. तो उठून गेला नाही.

नाच शिकवणाऱ्या बाईंनी नाचाचा तो शेवट बदलला. आता तायडीने त्याच्याभोवती फक्त गोल फिरायचं होतं. तेवढ्यासाठीही रोज घरी ती चाकं फिरवून बघायची आणि दमून रडायची.

प्रयोगात अर्ध्या फेरीवरच हात थिजले. भर उजेडात खुर्ची थांबली. आजवर तिने कुणालाही खुर्चीला मागून हात लावू दिला नव्हता. पाना बऱ्या हाताने खुर्चीची मूठ धरून मागे उभा राहिला.

"ढकलू?"

संगीत पुढे चाललं होतं.

"ढकल," ती म्हणाली.

फेरी पूर्ण झाली. लोकांना वाटलं, नाच असाच बसवलाय. टाळ्या पडत राहिल्या. तायडीने हात मांडीवर ठेवले होते. ते तिला उचलता येत नव्हते.