मजारीच्या चढावरची ऊब

पिराच्या मजारीच्या चढावर चाळीसेक माणसं बर्फात पाय आपटत उभी होती, आणि सगळ्यांची नजर एका जुन्या निळ्या गाडीवर होती. उणे पंचवीसची थंडी. एकेकाला आत मिनिटभर बसू देत. बाहेर येणारा माणूस गालाला हात लावून सांगे, खरंच ऊब आहे, आणि गोड वासही येतो.

गाडी माझ्या मित्राची, जुमाकादिरची. पानगळीत तो बसल्या जागी गेला, आणि पुढे थंडी पडली तेव्हा कळलं की गाडीचा हीटरही गेलाय. त्याची बायको उमसुनाय खालच्या गल्लीत एकटीच राहते. दोन्ही मुलं रशियात कामाला. एकदा ती नवऱ्यासाठी दुआ मागायला मजारीवर आली, इंजिन चालू ठेवून गाडी चढावर उभी केली, आणि हीटरच्या जाळीतून गरम वारा आला. आसानकोजोने ते पाहिलं.

हा आसानकोजो वीस वर्षं बस चालवायचा. बस बंद झाली तसा गळ्यात माळा घालून मजारीचा सेवेकरी झाला. "हा जुमाकादिरचा श्वास," तो डोळे मिटून सांगायचा. "पिराने त्याला इथे ठेवून घेतलंय. वास येतोय ना? जन्नतीतली फुलं." कुणी शंका काढली की तो तिथेच गाडी वळवून तिचं तोंड उताराकडे करायला लावी. थोड्याच वेळात जाळीतून गार वारा. "बघा, पिराने पाठ फिरवली!" आता तर, गाडी कायमची मजारीला द्यावी असं जुमाकादिरनेच त्याला सांगितलं होतं म्हणे.

मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवत असे. मला हसू आलं, ते उमसुनायला आत बसलेलं पाहीपर्यंत. रोज दुपारी ती काचा बंद करून दोन-दोन तास बसायची. मी शेजारी जाऊन बसलो तेव्हा ती त्या जाळीला सांगत होती की गाय व्यायली, धाकट्याचा फोन आलेला नाही. चेहरा पिवळा पडला होता. पुढच्या काचेला आतून चिकट धुकं होतं. बोटाने पुसून हुंगलं. हा वास मी ओळखत होतो.

"वहिनी, डोकं दुखतं का?"

"दुखतं. मळमळतंही. आसानकोजो म्हणतो, त्या जगातला वारा आपल्याला सोसत नाही."

मी म्हटलं, एकदा गाडी दुसऱ्या एखाद्या चढावर लावून बघू. तिने जाळीवर हात ठेवला.

"आणि तिथेही ऊब आली तर, मास्तर?"

चौथ्या दिवशी ती आपणहून माझ्या दारात आली. गावाबाहेर मेंढ्यांना औषधात बुडवायचा हौद आहे, त्याच्या चढावर आम्ही गाडी तोंड वर करून लावली आणि इंजिन चालू ठेवलं. दहा मिनिटांत गरम वारा आला, तोच गोड वास घेऊन.

"मेंढ्यांच्या वासाने त्याला शिंका यायच्या," ती हळूच म्हणाली. "इथे तो मेला तरी आला नसता." मग ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मजारीवर, सगळ्यांसमोर तीच बोलली. आसानकोजो मला कम्युनिस्टांच्या शाळेतलं उरलेलं भूत म्हणत होता. तिने गाडीतली चटई उचलली. खाली निळी ओल होती.

"हा तोसोल. तू वीस वर्षं बस चालवलीस, आसानकोजो. रेडिएटरमध्ये घालतात ते न गोठणारं पाणी तुला ओळखता येत नाही?"

तो टोपी सारखी करत राहिला. बाकीचं मी सांगितलं. गाडीच्या आत हीटरचा छोटा रेडिएटर असतो. त्याला चीर पडून पाणी गळत होतं. पाणी कमी झालं की सपाटीवर हवेचा बुडबुडा हीटरमध्ये अडकतो आणि गरम पाणी तिथवर पोचत नाही. गाडीचं तोंड वर केलं की बुडबुडा पुढच्या मोठ्या रेडिएटरकडे सरकतो. हीटर भरतो, तापतो, आणि चिरेतून गोड वाफ सोडतो. ती वाफ विषारी आहे. जन्नतीच्या फुलांनी उमसुनायला महिनाभर आजारी पाडलं होतं.

हीटर काढून मी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर चिरेला कथिलाचा डाग दिला. परत बसवला. गाडी चढावर लावून, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून, रबरी नळी दाबत दाबत तोसोल ओतला, बुडबुडे थांबेपर्यंत. मग ती सपाट रस्त्यावरून गावाच्या टोकापर्यंत गाडी घेऊन गेली. वारा गरम येत होता, कसलाही वास नव्हता. तिने गाडी थांबवली.

"आता सगळीकडेच ऊब आहे," ती म्हणाली. "म्हणजे तो कुठेच नाही."

यावर पदार्थविज्ञानात उत्तर नाही, आणि मी बनवून सांगितलंही नाही. पण ही गोष्ट वाचणाऱ्याला दोन शब्द सांगतो. एकाच जागी, एकाच माणसाच्या हातून घडणारा चमत्कार दुसऱ्या जागी करून पाहा. खरं असेल ते तपासल्याने मोडत नाही. आणि दुसरं, हे सांगताना मला लाज वाटते. जुमाकादिर गेल्यापासून आम्हा शेजाऱ्यांपैकी कुणी तिच्याकडे चहालाही गेलं नव्हतं. आसानकोजो रोज चौकशी करायचा.