भट्टीजवळची बादली

थोरल्याची बेकरी आणि धाकट्याची घरची बिअर एकाच डब्यावर चालायची. डबा माल्ट एक्स्ट्रॅक्टचा. मोड आणलेल्या जवाचा अर्क, काकवीसारखा दाट, चमचा उलटा धरला तरी पडायला तयार नसलेला. डबा धाकटाच आणायचा आणि लेबल दोनदा वाचून आणायचा: माणसांनी खायचा आहे ना, गुरांच्या खाद्यातला नाही ना. मग तो गरम पाण्यात तासभर बसवून ठेवायचा. अर्क सैल झाला की थोरल्याच्या पावाच्या पिठासाठी चार चमचे बाजूला काढायचा आणि बाकीचा सगळा आपल्या पातेल्यात ओतायचा.

"तुझ्या पावाला रंग येतो तो माझ्या जिवावर," हे वर ऐकवायचं.

"चार चमच्यांचे उपकार अजून किती वर्षं फेडायचे?" थोरला विचारायचा.

भांडण मात्र एकाच गोष्टीवरून, आणि तेही बावीस वर्षं. अर्क उकळून, निववून, यीस्ट घातलं की धाकटा बादलीला घट्ट झाकण लावून ती मागच्या गार कोठीत ठेवायचा. झाकणातल्या वाकड्या नळीतून बुडबुडे येत राहायचे. थोरल्याला ते बघवायचं नाही. त्याचा सारा जन्म पाव फुगवण्यात गेलेला. त्याच्या लेखी यीस्ट म्हणजे तान्हं लेकरू, त्याला ऊब हवीच. तो गुपचूप बादली उचलून भट्टीजवळ आणून ठेवायचा. धाकटा यायचा, एक शब्द न बोलता ती परत कोठीत न्यायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दोघंही हट्टाला पेटलेले, माघार कोण घेणार?

यंदाची बादली धाकट्याने मुलीसाठी घातली होती. बिनआईची पोर, त्याने एकट्याने वाढवलेली. परगावी नोकरीला होती, तीन वर्षांनी घरी यायची होती. बादली घातल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तो जिना चढताना मध्येच बसला आणि उठलाच नाही. नेमका तेव्हाच बर्फ पडून रस्ते बंद झाले. पोरीला बापाचं शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. फोनवर ती बराच वेळ नुसती रडत राहिली. मग म्हणाली, "काका, बाबांची बादली आहे ना? ती टाकू नका. मी आले की आपण दोघं पिऊ."

"आहे बाळा. मी सांभाळतो ती," थोरला म्हणाला.

कोठीत जाऊन बघतो तर बुडबुडे मंदावलेले. एक आला की दुसऱ्याची वाट बघावी लागत होती. थंडी हाडात शिरत होती. भावाचं म्हणून या घरात एवढंच काय ते अजून चालू होतं. तेही थांबलं तर पोरीला काय सांगायचं? त्याने बादली उचलली, भट्टीला लागून ठेवली आणि तिच्याभोवती स्वतःची शाल गुंडाळली.

संध्याकाळपर्यंत बादली अशी काही बुडबुडायला लागली की थोरल्याला रडू फुटलं. पुढचे दिवस तो पीठ मळता मळता तिच्याशी बोलायचा. आज पाव जरा जास्तच भाजला, मांजर पुन्हा पिठाच्या पोत्यावर झोपली, असलंच काहीतरी. नवव्या दिवशी बुडबुडे थांबले. त्याने बाटल्या भरल्या, भाऊ घालायचा तसा प्रत्येकीत फेसासाठी थोडा माल्ट घातला, बुचं लावली आणि दिवस मोजत बसला.

रस्ते मोकळे होऊन मुलगी आली तेव्हा तीन आठवडे उलटले होते. पीठ मळायच्या टेबलाशी दोघं बसली. थोरल्याने सकाळचा पाव पुढे ठेवला आणि बाटली उघडली. फेस छान आला. मग वास आला, नुकत्याच रंगवलेल्या दाराला येतो तसा उग्र. मुलीने घोट घेतला. तिचं तोंड वाकडं झालं, ते तिने लगेच सरळ केलं.

"चांगली झालीय," ती म्हणाली.

थोरल्याने घोट घेतला. त्याला दुसऱ्या घोटाची गरज पडली नाही. उबेने यीस्ट भलतंच उधळलं होतं. करायला गेला एक आणि झालं भलतंच.

"खोटं बोलू नकोस. त्याची शेवटची होती, आणि मी नासवली."

तिने ग्लास पुन्हा नाकाशी नेला. "काका, बादली कुठे ठेवली होती?"

"भट्टीजवळ."

तिला हसू आलं आणि ते निम्म्यातच मोडलं. शाळेला निघताना तिने हा खेळ शेकडो वेळा बघितला होता.

"बाबा परत न्यायचे," ती म्हणाली.

"हो." थोरल्याने डोळे पुसले. हाताचं पीठ गालाला लागलं. "या वेळी रोज सकाळी खाली यायचो, तर बादली ठेवली तिथेच. पहिल्या दिवशी वाटलं, जिंकलो एकदाचा. मग रोज बघायचो गं, जरा तरी हललीय का."

मुलीने पाव मोडून अर्धा त्याच्यापुढे सरकवला. दोघांनी मिळून ती बाटली संपवली.