खरवसाची वाटी

मी एक जुनी स्टीलची वाटी आहे. मित्रांनो, वाटी म्हटल्यावर तुम्ही मला गरीब समजाल. वाढलं ते घ्यायचं, घासलं की पालथं पडायचं, एवढंच माझं काम असं तुम्हाला वाटेल. पण सुरुवातीलाच सांगून ठेवते, मला राग आलेला आहे आणि तो अजून उतरलेला नाही. माझी गोष्ट आईच्या दुधाची आहे. ते ऐकून मागच्या बाकावर कुणाला खुसखुसायचं असेल तर आत्ताच खुसखुसून घ्या. तुम्हीही तेच पिऊन मोठे झालात.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याच्या एका दणक्यात माझ्यासारख्या शंभरजणी तयार झाल्या. तिथून मी परतवाड्याच्या भांड्यांच्या दुकानात आले. एकोणतीस वर्षांपूर्वी अचलपूरच्या मैनामावशीनं मला ढिगातून उचललं, उन्हात धरून पाहिलं आणि दुकानाबाहेर बसलेल्या नाव घालणाऱ्याकडे दिलं. तिच्या बहिणीला, शकुनला, पहिली मुलगी झाली होती. बारसं व्हायचं होतं, म्हणून नाव ठरलेलं नव्हतं. मावशीनं सांगितलं, नावापुरती जागा सोड, नंतर भरू. त्यानं कोरलं, 'कु.', पुढे बोटभर जागा मोकळी, आणि मग 'हिच्या बारशाला, मैनामावशीकडून'.

मी दर्यापूरजवळच्या शकुनच्या घरी पोहोचले, पण बारसं झालंच नाही. मला फडताळात ठेवण्यात आलं. काय घडलं ते कुणी माझ्यासमोर बोललं नाही. ती बोटभर जागा तशीच राहिली आणि मला वाटलं, विसरले असतील. माणसं विसरतात.

दोन-तीन वर्षांनी घरची म्हैस व्याली आणि शकुननं मला पहिल्यांदा हातात घेतलं. खरवस करायचा होता. दोन वाट्या चीक, चार वाट्या दूध, एक वाटी गूळ, वरून वेलची. ती वाटी म्हणजे मी. तेव्हापासून खरवसाचं माप माझ्याशिवाय कुणी घेतलं नाही. शकुनचा खरवस अख्ख्या गल्लीत नावाजलेला होता. तो सुरीनं कापला तरी तुटायचा नाही आणि जिभेवर ठेवला की विरघळायचा. लोक शकुनची तारीफ करायचे आणि मी माझी समजायचे.

खरवसाच्या बाबतीत घरात एक कायदा होता. तो शकुनच्या नवऱ्यानं, भगवंतनं घातलेला. हा माणूस दिवसभर वांग्याच्या वाफ्यात असायचा आणि घरात मोजकंच बोलायचा. पण म्हैस व्याली की तो गोठ्यात ठाण मांडून बसायचा. आधी वगारीचं पोट भरू द्यायचं, मगच मला पुढे करायचं. पाहुणे ताटकळले तरी चालतील, पण चिकावर पहिला हक्क त्या लडखडत्या पिलाचा. हे त्यांच्या घरात लहान पोरालाही ठाऊक होतं. लक्षात ठेवा, हे मी मुद्दाम सांगते आहे.

पुढे घरात नवी भांडी आली आणि मी मागे पडले. काही वर्षं तर सरकीची ढेप मोजायला गोठ्यात होते. त्याचं मला फार वाईट वाटायचं. आता वाटत नाही. त्याहून वाईट मी पाहिलं आहे.

शकुनचा मुलगा रोहित दर्यापूर-अकोला जीप चालवतो. त्याची बायको खुशी. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधता बांधता आठव्या महिन्यातच तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. रोहितनं प्रवासी उतरवले आणि तिला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. निघताना शकुननं पिशवीत टॉवेल, थर्मास, मधाची बाटली आणि मला कोंबलं. मध बाळाला चाटवायचा होता.

मुलगी झाली. इवलीशी, ओंजळीत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. पेट्यांच्या खोलीत रुबीना नावाची सिस्टर होती. बारा वर्षं ती हेच काम करत होती. तिनं मधाची बाटली शकुनच्या हातून काढून घेतली, झाकण घट्ट लावलं आणि परत पिशवीत ठेवली. मग खुशीच्या खाटेजवळ येऊन म्हणाली की बाळाला आत्ता आईचा पहिला चीक हवा आहे, थेंबभर असला तरी. मला उकळत्या पाण्यातून काढलं. रुबीनानं खुशीला छाती कशी चोळायची, बोटं कुठं ठेवायची, कसं दाबायचं ते दाखवलं. यंत्र नंतर, चिकाला हातच बरा, थेंब यंत्रालाच चिकटून राहतात, असं ती म्हणाली आणि पेट्यांच्या खोलीत परत गेली.

खुशी बसली. टाके दुखत होते. पाऊण तास ती माझ्यावर वाकून होती. एक थेंब, मग किती तरी वेळ काही नाही, मग आणखी एक. शेवटी माझ्या तळाला चमचाभर चीक जमला. पिवळाधमक. आयुष्यभर मी म्हशीचा चीक मोजला, पण एवढ्या कष्टाचा चीक पाहिला नव्हता. खुशीनं मला दोन्ही हातांनी उचलून सासूकडे दिलं, कारण तिला उठवत नव्हतं.

शकुन मला घेऊन निघाली. पेट्यांच्या खोलीकडे उजवीकडे वळायचं होतं. ती डावीकडे वळली. तिथं हात धुण्याची मोरी होती. तिनं मला पालथं केलं आणि वरून नळ सोडला.

मित्रांनो, मला हात नाहीत. असते तर त्या मोरीचं तोंड मी दाबून धरलं असतं. तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात, मला ना तळपाय ना मस्तक, तरी मी पेटले होते. रुबीनानं विचारलं तेव्हा शकुन म्हणाली की काही निघालंच नाही. खुशीनं विचारलं तेव्हा म्हणाली की पिली बाई, चटाचट पिली. खुशी उशीवर डोकं टेकून हसली. तीन तासांनी पुन्हा तेच. पुन्हा पाऊण तास, पुन्हा चमचाभर, पुन्हा डावीकडे. मी एकटीच दोन्हीकडचं खोटं ऐकत होते आणि माझ्या काठावर त्या सुनेच्या बोटांचे ठसे होते.

तिसऱ्या वेळी रुबीना स्वतः खाटेपाशी आली. खुशीची समजूत घालायला आली होती बिचारी. घाबरू नको, कुणाकुणाला उशिरा येतं, असं ती म्हणाली. खुशीनं गोंधळून तिच्याकडे पाहिलं. "पन सिस्टर, दोन वेळा देल्लं ना मी. पिली ना ते?"

रुबीनानं शकुनकडे पाहिलं. शकुननं मला पदराखाली घेतलं, जणू चोरी मीच केली होती.

खुशीला कळलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, माहे हात पाहा." बोटं सुजली होती.

शकुनचं म्हणणं होतं की ते इतके महिने साचलेलं शिळं दूध, पिवळं म्हणजे पुवासारखं, नाजूक लेकराच्या पोटात कसं घालायचं. तिच्या सासूनं तिला तसंच सांगितलं होतं, आणि सासूला तिच्या सासूनं. रुबीनाचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आता ही फाडून खाणार. मी वाटच पाहत होते. पण तिनं आवाज चढवला नाही.

"मावशी, घरी म्हैस हाय काय?"

"हाय."

"व्याली का पैला चीक कोनाले पाजता?"

उत्तर दारातून आलं. भगवंत उंबऱ्याशी उभा होता, बायकांच्या वॉर्डात यायचं नाही म्हणून पाठ करून. "वगारीले," तो सवयीनं म्हणाला. "नाई पाजला तं वगार हाती लागत नाई."

आणि स्वतःच्याच तोंडचं ऐकून तो वळला. एवढी वर्षं गोठ्यात ठाण मांडून बसणारा माणूस. त्याला गोठ्यातलं सगळं कळत होतं आणि घरातलं कधी कुणी त्याला विचारलं नव्हतं, त्यानंही कुणाला नाही. मी त्याच्यावरही चिडलेली आहे. म्हशीच्या पिलासाठी ज्याला तोंड फुटत होतं, त्याला आपल्या लेकीसाठी का फुटलं नाही?

हो, त्यांना एक लेक होती, मित्रांनो. शकुन खाली फरशीवर बसून सांगायला लागली आणि तेव्हा मला कळलं. एकोणतीस वर्षांपूर्वी तिचा चीक तीन दिवस मोरीत गेला होता आणि मुलीला कापसाच्या बोळ्यानं गुळाचं पाणी मिळत होतं. नवव्या दिवशी ती मुलगी गेली. कशानं गेली ते कुणी पाहिलं नाही आणि मीही उगाच सांगणार नाही. पण बाराव्या दिवसासाठी आणलेली वाटी फडताळात गेली. माझ्या अंगावरची ती जागा कुणी विसरलं नव्हतं. त्याच वाटीनं शकुन एवढी वर्षं खरवस मोजत होती आणि लोकांना खाऊ घालत होती.

"मले कोनं सांगतलंच नाई," शकुन म्हणाली. "एका बी मानसानं नाई सांगतलं."

रुबीनाचा राग गेला की नाही मला माहीत नाही. माझा त्या क्षणी फिरला. इतका वेळ मी शकुनवर जळत होते. पण जिच्या हातून लेक गेली, तिच्याच हातून नातही जावी अशी ज्यांनी सोय करून ठेवली, ते सगळे शहाणे कुठं होते? खरवस मागायला तर सगळी गल्ली यायची.

शकुन उठली. तिनं मला स्वतः घासलं, स्वतः उकळलं, आणि खुशीच्या पाठीमागे बसून तिची पाठ चोळायला लागली. या वेळी खुशीला हात लवकर थांबवावा लागला, कारण माझ्या तळाला दोन चमचे होते. शकुननं मला उचललं तेव्हा खुशीनं तिचं मनगट धरलं. मग सोडलं. शकुन उजवीकडे वळली.

त्या दिवशी नळीवाटे थेंब थेंब तो चीक पोरीच्या पोटात गेला. शकुन काचेला नाक लावून उभी होती.

यापुढचं काम यंत्राचं. दूध वाढलं तसा रुबीनानं खुशीला पंप दिला. यंत्र वॉर्डाचं, पण नळी-बाटली प्रत्येकीची वेगळी, रोज उकळलेली. दर तीन तासांनी बसायचं, चुकवायचं नाही. काढलं नाही तर दूध आटतं, आणि पोरीला अजून ओढून प्यायची ताकद नव्हती. पंपाचा मला आधी हेवा वाटला. मग त्याचा घरघराट ऐकून ऐकून सवय झाली.

पण बसायचं कुठं? आयांच्या खोलीला पडदा नव्हता. दांडी होती, कड्या होत्या, पडदा धुवायला गेलेला होता. महिनाभर धुतला जात होता म्हणे. येणारे-जाणारे बघून जायचे. एक दिवस नात्यातले शालिकराममामा भेटीला आले आणि खुशीसमोरच खुर्ची ओढून बसले. हे गाई-म्हशीसारखं यंत्र कशाला, डब्याचं दूध पाजा, आमच्याकडे सगळे त्याच्यावरच वाढले, असं त्यांचं सुरू झालं. पंपाची वेळ झाली तरी उठेनात. उचलली जीभ, लावली टाळ्याला. शकुननं खुशीसमोर उभं राहून पदर दोन्ही हातांनी पसरला.

"मामा, उठा," ती म्हणाली. "आन् जातानी सायबाले इचारा, पडदा कधी येते."

त्यानंतर रोज दर तीन तासांनी शकुन तशीच पदर पसरून उभी राहायची. पडदा नंतर आला. म्हणजे रुबीना दवाखान्याच्या साहेबांच्या टेबलासमोर जाऊन बसली आणि उठेना, तेव्हा आला.

रोहितचं काय म्हणता? तो पहिले चार दिवस बाहेर बाकावर होता. बायकांचं काम, मी बाहेर थांबतो, असं म्हणायचा. खुशीनं त्याला एकदाच विचारलं, "तुमी बायेर थांबून मले काय फायदा?" तेव्हापासून पंपाची बाटली धुणं आणि उकळणं त्याच्याकडे आलं. पहिल्या दिवशी त्यानं झाकण जाळून ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून नीट करायला लागला. याबद्दल त्याचं कौतुक करायला लोक जमले होते. खुशीचं कुणी केलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात पोर माझ्यातून चमच्यानं प्यायला लागली. मग एका सकाळी तिनं आईला घट्ट धरलं आणि सोडेचना. खुशी हसत होती आणि रडतही होती. माझं काम संपलं. मी टेबलावर रिकामी होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मला रिकामं असणं आवडलं.

घरी आल्यावर बारसं झालं. पोरीचं नाव ईश्वरी ठेवलं. मैनामावशी अचलपूरहून आली. रोहितनं मला उचलून पाहिलं आणि म्हणाला की जागा आहेच, ईश्वरीचं नाव घालून आणतो. शकुननं मला त्याच्या हातून घेतलं.

"ते जागा तिची हाय," ती म्हणाली. "इच्यासाठी नवी आन."

आता मी फडताळात नसते. गल्लीत कुणाच्या घरी बाळंतीण आली की शकुन मला उकळते, पदराखाली घेते आणि न बोलावता जाऊन बसते. काही घरांतून तिला हाकललं आहे. एका ठिकाणी आमच्या देखत मोरीवर वाटी रिकामी झाली. शकुन दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, आणि त्या दिवशी तिनं घरातल्या म्हाताऱ्याला बाहेर बोलावून म्हशीचं विचारलं.

मित्रांनो, मला चकचकीत घासा, पोचे पडू देऊ नका, असं मी सांगणार नाही. मी पत्रा आहे, मला काही होत नाही. तुमच्या घरी बाळंतीण असेल तर तिला बसायला जागा द्या, समोरून उठा, तिची भांडी धुवा, आणि तिला येत नाही असं म्हणण्याआधी तिला कुणी शिकवलं का ते विचारा. आणि पुढच्या वेळी कुणाच्या घरी खरवस पुढ्यात आला तर खुशाल खा. फक्त पहिला घास घेण्याआधी त्या घरच्यांना विचारा, वगारीला तर तुम्ही आधी पाजलंत, पण तुमच्या सुनेचा चीक कुठं गेला?

माझ्या अंगावर बोटभर जागा आहे. तिथं नाव नाही. उत्तर ऐकायला मी त्याच घरात बसलेली असेन.