राणी हुनिथला काठ कळेना

आठेकशे वर्षांपूर्वी एका मठातल्या कुणा साधूने कातड्यावर बोरू घासत लिहून ठेवलं, की राणी हुनिथ हंड्यात बसली, पांढरी डुकरीण मांडीवर घेतली, नदीत उतरली, आणि बाहेर आल्यावर आपण कोणत्या काठावर आहोत हेच तिला कळेना. एवढ्यात बहुधा जेवणाची घंटा झाली असावी, कारण गोष्ट तिथेच संपते. साधू जेवायला निघून गेला आणि भांडण मात्र नेस्टा आणि इदवलच्या वाट्याला ठेवून गेला.

दोघंही वेल्समधल्या अबरकेरविन गावचे, एकाच शाळेत एकाच बाकावर बसलेले. पुढे दोघांनीही जुन्या वेल्श कथांच्या अभ्यासात केस पांढरे केले. इदवल मोठ्या विद्यापीठात प्रोफेसर झाला. त्याची विद्वत्ता अशी, की कथेत डुक्कर दिसलं की त्याला देवी दिसे, हंडा दिसला की विश्वाचं गर्भाशय दिसे, आणि नदी दिसली की परलोकाची सीमा. त्याच्या बायकोने एकदा पानात डुकराचं मांस वाढलं, तर हा घास घेण्याआधी दोन मिनिटं डोळे मिटून बसला होता म्हणतात.

नेस्टाचं म्हणणं साधं होतं. "अरे, गोल हंडा वाहत्या पाण्यात घातला की गरगर फिरणारच! बाईला भोवळ आली. साधूला ते ऐकून हसू आलं, म्हणून त्याने लिहिलं. आठशे वर्षं तो तिकडे हसतोय आणि तुम्ही इकडे टोप्या काढून उभे!"

यावर नेस्टाने तीन जाडजूड ग्रंथ लिहिले. ते जगात एकाच माणसाने शेवटपर्यंत वाचले. तो इदवल, आणि तेही चुका काढायला.

पण त्या उन्हाळ्यात गोष्ट वेगळी झाली. ही कथा वेल्समधल्या सगळ्या शाळांसाठी छापायचं ठरलं. पुस्तकाची संपादक मारेद नावाची बाई होती. ती चहा प्यायला यायची तीसुद्धा घड्याळ काढून टेबलावर ठेवून. चॅपलमागच्या खोलीत तिने दोघांना समोरासमोर बसवलं.

"प्रस्तावना एकच राहील," मारेद म्हणाली. "दोन मतं छापली की पोरं पुस्तक मिटतात आणि रग्बी खेळायला जातात. कुणी लिहायची ते आज ठरवा."

नेस्टाला शाळा आठवली. लहानपणी राणीला काठ न कळल्याचं ते वाक्य वर्गात वाचलं तेव्हा ती खो खो हसली होती, आणि मास्तरांनी तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. 'हे पवित्र आहे, हसायचं नाही!' आता इदवलची प्रस्तावना छापली, तर देशभरातल्या पोरांची तोंडं भिंतीकडे वळणार. तिला दुसरं काही नको होतं. पोरांनी तेवढं मोकळेपणी हसावं.

"मी हंड्यात बसते," ती एकदम म्हणाली.

इदवलच्या हातातला बारा ब्रिथचा, म्हणजे मनुका घातलेल्या पावाचा, तुकडा चहात पडला. "काय?"

"शनिवारी होड्यांच्या शर्यती आहेत ना? मी हंड्यातून तायवी नदीत उतरते. बाहेर आल्यावर मला काठ ओळखता आला नाही, तर ती भोवळ. प्रस्तावना माझी. ओळखता आला, तर तुझा परलोक खरा. लिही काय लिहायचं ते."

"डुकरीण हवी," इदवल बोट वर करून म्हणाला. "डुकरिणीशिवाय पाठ अपुरा राहील."

"घेईन की! मांडीवर घेईन."

"आणि खरं बोलायचं," मारेद घड्याळ उचलत म्हणाली. "काठ कळूनही कळला नाही म्हणायचं नाही. चॅपलच्या छपराखाली बोलतो आहोत, लक्षात ठेवा."

शनिवारी तायवीच्या काठावर अख्खं खोरं लोटलं होतं. कातड्याच्या, टोपलीसारख्या गोल होड्या पाठीवर घेऊन कोळी चालत होते. लांबून पाहावं तर कासवांची जत्रा निघालीय असं वाटे. पण त्या दिवशी होड्यांकडे बघतो कोण! सगळ्यांचे डोळे गेथिनच्या गाडीवर. गेथिन म्हणजे गावाचा डुकरंवाला. त्याने गाडीतून एक लोखंडी हंडा उतरवला. तो इतका मोठा होता की एकदा त्यात गेथिनचे आजोबा दुपारी झोपले ते रविवारी सापडले.

"आंटी, दोर बांधू का हंड्याला?" गेथिनने विचारलं.

"राणीला बांधला होता का दोर?"

"राणीला पोहता येत असेल."

"मला गाता येतं. डुकरीण आण."

डुकरीण मालेन. पांढरीशुभ्र, गुबगुबीत आणि मानी. हंडा बघताच तिने चारी पाय रोवले. तिचंही बरोबरच होतं म्हणा. तिच्या आजीपणजीचा त्या हंड्याशी जो काही संबंध आला, तो पाणी उकळल्यानंतर आला होता. शेवटी गेथिनने सफरचंद दाखवलं, तेव्हा ती वंशाचा अपमान गिळून आत शिरली आणि थेट नेस्टाच्या मांडीवर बसली. नेस्टाच्या पायांचं काय झालं ते नेस्टालाच ठाऊक.

"इदवल!" ती हंड्यातून ओरडली. "माझ्या मांडीवर देवी बसलीय! वजनावरून तरी वाटतंय!"

लोक खदखदून हसले. इदवल कॉलर नीट करत म्हणाला, "हस, हस. बाहेर आल्यावर काठ सांग म्हणजे झालं."

गेथिनने हंडा ढकलला.

पुलाखाली तायवीला एक भोवरा आहे. त्याने हंडा पाहिला आणि लाडक्या भाचीला उचलावं तसा उचलला. हंडा फिरायला लागला. आधी सावकाश, मग भिंगरीसारखा. पूल, चॅपल, गर्दी, टेकडी, पुन्हा पूल, पुन्हा चॅपल... सगळं जग नेस्टाभोवती फेर धरून नाचायला लागलं, आणि तिला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. 'येतेय! भोवळ येतेय!'

तेवढ्यात मालेनने किंकाळी फोडली. ती अशी काही होती, की चॅपलच्या मनोऱ्यातले कावळे उडाले ते थेट आयर्लंडला जाऊन बसले म्हणतात. डुकरीण उसळली, हंडा एका बाजूला कलला, पाणी आत आलं. आता सुचलं तेच नेस्टाने केलं. तिने डोळे मिटले, डुकरिणीच्या गळ्यात हात टाकले आणि चॅपलमधलं भजन सुरू केलं.

मालेन गप्प झाली. कान टवकारून ऐकायला लागली.

आता काठावर उभे सगळे वेल्श. एकाने भजन सुरू केलं की दुसऱ्याने गप्प राहावं ही गोष्ट त्या खोऱ्यात आजवर घडलेली नाही. बायकांनी वरचा सूर धरला, त्यांच्याखाली दुसऱ्या बायका शिरल्या, मग पुरुष. चार पदरी गाणं उभं राहिलं. पण खर्जाचे लोक ढिले पडले. ते हसून हसून वाकले होते.

इदवल चॅपलच्या गायकांचा प्रमुख होता आणि गावातला पहिल्या नंबरचा खर्ज. तो ओठ घट्ट मिटून उभा होता. शेजारून मारेद कुजबुजली, "प्रोफेसर, गाणं थांबलं की डुकरीण उसळेल. मग हंडा उलटेल, परीक्षाही होणार नाही आणि प्रस्तावना आपोआप तुमची."

"कळतंय मला," इदवल म्हणाला.

"मग गप्प राहा."

"राहिलोच आहे. पण अहो, ऐका ना! खालचा सूर घसरतोय! हे काय भजन आहे?"

आणि त्याने तोंड उघडलं. खर्ज असा लागला की काठावरचे दगड हलले. एकदा तोंड उघडल्यावर हात कुठले थांबतात! तो पाण्याच्या कडेला जाऊन ताल देऊ लागला. नेस्टा सगळ्यांना दिसावी, तिचा सूर सुटू नये, म्हणून त्याने बोट तिच्याकडे रोखून धरलं. हंडा फिरेल तसं बोट फिरे, बोट फिरेल तसा इदवल.

भजन संपलं. पण वेल्समध्ये भजन संपतं म्हणजे काय? शेवटच्या दोन ओळी पुन्हा घ्यायच्या. मग आणखी एकदा, कारण आधीच्यापेक्षा छान झाल्या. मग आणखी, कारण आता तर फारच रंगलंय. हंडा गरगरतोय, मालेन डोळे मिटून डुलतेय, इदवल बूट-मोज्यांसकट गुडघाभर पाण्यात शिरून हात पसरून गिरक्या घेतोय, आणि पलीकडच्या टेकडीवरच्या मेंढ्यासुद्धा चरायच्या थांबून एका बाजूला माना कलवून उभ्या.

शेवटी भोवऱ्यालाच दम लागला. त्याने हंडा अलगद गिरणीजवळच्या वाळूत टेकवला. गेथिनने नेस्टाला हात देऊन उभं केलं.

"नेस्टा," मारेद म्हणाली, "कुठला काठ हा?"

नेस्टाने डोळे उघडले. तिला कळत होतं. स्वच्छ कळत होतं. डोळे मिटून ती सारा वेळ गाण्याला कान लावून होती. गाणं जवळ आलं, अगदी कानाशी आलं, म्हणजे आपलाच काठ. भोवळ सुरुवातीला आली होती, पण तिला सुरांनी पळवून लावलं होतं. 'नाही कळत' एवढं म्हटलं की झालं. पोरं हसणार. कुणाला कळणार होतं?

तिने चॅपलकडे पाहिलं आणि उसासा टाकला. "आपलाच काठ," ती म्हणाली. "ती गिरणी, ते गेथिनचं कुंपण. हरले मी. इदवल, लिही बाबा तुझा परलोक."

सगळ्यांनी वळून पाहिलं, तर प्रोफेसर पाण्यातून बाहेर येत होते. दोन पावलं पुढे, तीन बाजूला. त्यांनी एका विलोच्या झाडाला "माफ करा, मॅडम" म्हटलं आणि त्यालाच मिठी मारली.

"नेस्टा," इदवल झाडाआडून म्हणाला, "तू पलीकडच्या काठावर काय करतेयस?"

"अरे, मी तुझ्या शेजारी उभी आहे!"

"मग मी पलीकडे आहे का?"

"आपण दोघंही अलीकडेच आहोत."

"अलीकडे म्हणजे कुठे?"

गेथिन आधी हसला. मग मारेद. मग अख्खं खोरं. मारेदचे तर हसता हसता डोळे पाणावले. "प्रोफेसर, खरं सांगा हं! परलोक दिसतोय का?"

इदवलने एक डोळा उघडला, आकाशाकडे पाहिलं, घाईघाईने मिटला. तो हट्टी होता, पण खोटारडा नव्हता. त्याने खोडाला गाल टेकवला.

"देवी नाही," तो अखेर म्हणाला. "सीमा नाही, गर्भाशय नाही. नुसती मळमळ आहे गं! त्या बिचाऱ्या राणीला भोवळच आली होती. अरे देवा! आणि मी तिच्यावर सातशे पानं लिहिली!" मग झाडाला धरूनच तो हसायला लागला, लहान पोरासारखा, खांदे हलवत, आणि हसण्याने आणखी गरगरलं म्हणून आणखी हसला.

"प्रस्तावना?" मारेदने विचारलं.

"तिची! तिचीच," इदवल म्हणाला. "नेस्टा, सगळं लिही. माझं नाव घालून लिही, पोरांना आणखी हसू येईल. पण आधी हात दे, आणि माझं घर कुठल्या बाजूला आहे तेवढं सांग."

नेस्टाने हात दिला. तिचेही पाय डुकरिणीच्या वजनाने बधिर झालेले. दोघं एकमेकांना धरून निघाले ते चुकीच्याच दिशेला, आणि त्यांच्यामागून, आता गाणं का थांबलं म्हणून ओरडत, मालेन.